चोर बाजारातलं जुन्या फिल्मी बुकलेटचं दुकान : नटांच्या नावाचे लखोटे आणि लाहोरची अर्धी गोष्ट

पाचपैकी साडेचार स्टार देतेय. अर्धा का कापला ते खाली सांगितलंय, पण आधी चांगलं सांगते कारण चांगलंच जास्त आहे.

दुकान मटण स्ट्रीटवर आहे, म्हणजे चोर बाजारात, ग्रामोफोन, पितळी कंदील आणि जहाजावरचं सामान विकणाऱ्या दुकानांच्या रांगेत. पाटीवर भलतंच काहीतरी लिहिलंय, पूर्वी तिथे घड्याळं विकायचे म्हणे, आणि मालकांनीच सांगितलं की नाव कुठे टाकू नका, एकदम माणसं आली की कागद हाताळले जातात आणि फाटतात. तर नाव देत नाही. जुन्या सिनेमाच्या बुकलेटवाले कुठे बसतात असं विचारा, रस्त्यावरचा कुणीही दाखवतो. आम्ही डोंबिवलीहून दादरला येऊन गाडी बदलली, ग्रँट रोडला ईस्टला उतरलो आणि टॅक्सी केली कारण बाबा बरोबर होते, वय ८२. तरुण माणूस असेल तर आरामात चालत जाईल. शुक्रवारी जाऊ नका, दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर सकाळी लवकर जुम्माचा बाजार भरतो, तो वेगळा प्रकार आहे.

का गेलो ते सांगते. बाबा मूळचे कोल्हापूरचे. त्यांचे थोरले काका मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये सुतारकाम करायचे, सेटचे दरवाजे खिडक्या वगैरे, आणि १९४५ साली कंपनी कोल्हापूरहून मुंबईला आली तेव्हा तेही बिऱ्हाड उचलून आले. त्याच वर्षी विनायकांचा 'बड़ी माँ' आला. हिरॉइन नूरजहाँ, संगीत आपल्या दत्ता कोरगावकरांचं, आणि छोट्या भूमिकांत लता आणि आशा, दोघीही. काकांनी बाबांना लहानपणी इतक्या वेळा सांगितलंय की मी नूरजहाँला सेटवर पाहिलंय, की बाबांना आता वाटतं त्यांनी स्वतःच पाहिलंय. तर गेल्या दिवाळीपासून बाबांचं एकच, मला त्या पिक्चरची बुकलेट बघायचीये, विकत नाही मिळाली तरी चालेल, नुसती हातात घ्यायचीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बुकलेट म्हणजे थिएटरबाहेर आण्या-दोन आण्याला मिळायची ती गाण्यांची चोपडी. कव्हरवर नट-नट्यांची चित्रं, आत कलाकारांची यादी, थोडक्यात कथा (शेवट न सांगता, "पुढे काय झालं ते पडद्यावर पाहा" टाइप) आणि सगळ्या गाण्यांचे शब्द. बहुतेकींमध्ये हिंदी आणि उर्दू दोन्ही लिप्या, इंग्रजीत नावं, काहींत गुजरातीसुद्धा. घरी आल्यावर लोक त्यातली गाणी पाठ करायचे. रद्दीत गेली ती गेली, उरली ती आता या अशा दुकानांत.

आता दुकान. रुंदी इतकी की दोन माणसं एकमेकांना वाट देऊ शकत नाहीत, एकाने बाहेर यावं लागतं. उंचीला मात्र भरपूर, माळा आहे आणि माळ्यावर पण माल आहे. मालक सत्तरीच्या पुढचे, मूळ खेडचे, म्हणजे आपले कोकणी मुसलमान. मी नेहमीप्रमाणे हिंदीत सुरुवात केली तर म्हणाले, "मराठीत बोला ना ताई, आम्ही काय परके आहोत?" आणि बाबांना लगेच स्टूल दिलं, पंखा त्यांच्याकडे वळवला. मी त्यांना चाचा म्हणत होते, बाबा त्यांना चाचा म्हणणार कसे, ते "अहो शेट" म्हणत होते आणि चाचा बाबांना "काका" म्हणत होते. दोघांचं असं मस्त जमलं की मी मधल्या वेळात कोपऱ्यावर जाऊन चहा पिऊन आले तरी कुणाला पत्ता नव्हता.

या दुकानाची खरी गंमत, ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय, ती म्हणजे माल लावायची पद्धत. बाकीच्या दुकानांत पिक्चरच्या नावाने गठ्ठे असतात, नाहीतर काहीच पद्धत नसते, ढीग असतो आणि तुम्ही धूळ खात शोधायचं. इथे बड्या पोस्टरांचा ढीग वेगळा, पण बुकलेट, लॉबी कार्ड (थिएटरच्या आत लावायची ती छोटी चित्रं) आणि फोटो हे सगळे नटाच्या नावाने खाकी लखोट्यात. लखोट्यावर नाव देवनागरीत आणि उर्दूत, आणि आत सगळं सालाप्रमाणे लावलेलं. आणि जिथे बुकलेट मिळालेली नाही तिथे चाचांनी एक पांढरी चिठ्ठी घातलीये, त्यावर पिक्चरचं नाव आणि साल, स्वतःच्या अक्षरात. म्हणजे लखोटा उघडला की एका माणसाचं अख्खं करिअर पत्त्यांसारखं हातात येतं, कुठे नाव मोठ्या टायपात, कुठे यादीत सातवं, कुठे एकदम कव्हरवर, आणि पांढऱ्या चिठ्ठ्या म्हणजे हरवलेली वर्षं. मी हे कुठे बघितलं नव्हतं. इंटरनेटवर फिल्मोग्राफी वाचणं वेगळं आणि हे वेगळं, इथे टायपाचा साइज दिसतो.

आणि त्यात जी माणसं लाहोरची, त्यांच्या लखोट्यांत १९४७ पाशी काहीतरी होतं. एकतर लखोटा तिथे सुरू होतो नाहीतर तिथे संपतो.

नूरजहाँचा लखोटा संपतो. आम्ही अर्थातच तोच आधी मागितला. पहिल्या काही चिठ्ठ्याच आहेत, बेबी नूरजहाँच्या काळातल्या, मग लाहोरचा 'ख़ानदान' १९४२, तीही चिठ्ठीच. मग मुंबई सुरू होते आणि खरे कागद दिसायला लागतात. 'अनमोल घड़ी' १९४६, मेहबूब खानचा, नौशादचं संगीत, त्याची बुकलेट होती, कोपरे कुरतडलेले पण गाणी सगळी शाबूत. शेवटची 'जुगनू' १९४७, दिलीपकुमारबरोबर, नूरजहाँच्या नवऱ्याने म्हणजे शौकत हुसैन रिझवींनीच दिग्दर्शित केलेला. त्यानंतर लखोट्यात काही नाही. ती दोघं लाहोरला गेली. तिथे १९५१ ला 'चन वे' हा पंजाबी पिक्चर तिने केला, हिरॉइनही तीच आणि दिग्दर्शनात नावही तिचं, पाकिस्तानातली पहिली बाई दिग्दर्शक म्हणून तिचंच नाव घेतात, मग १९५२ ला 'दुपट्टा' उर्दूत. पुढे तर पडदा सोडून नुसती गातच राहिली, आणि पंजाबी गाण्यांत जे काही केलं त्याला तोड नाही. पण तिकडचा कागद इकडे येत नाही. चाचा म्हणाले, "तिकडची बुकलेट आली तर दुबईवरून, लंडनवरून, कुणाच्या सामानातून, आणि ती मला परवडत नाही." म्हणून त्यांनी १९४७ नंतरच्या चिठ्ठ्यासुद्धा घातलेल्या नाहीत. मला ते फार लागलं, खरंच सांगते. एवढी मोठी बाई, आणि आपल्याकडच्या लखोट्यात ती एकवीस वर्षांची होऊन थांबलीये.

'बड़ी माँ'? चिठ्ठी होती. १९४५, चाचांच्या अक्षरात. बाबांनी ती चिठ्ठीच हातात घेऊन ठेवली बराच वेळ.

मग चाचांनीच एक गोष्ट केली, न विचारता. त्यांनी शशिकलाचा लखोटा काढला. म्हणाले, "काका, नूरजहाँ शोधायची तर इथे पण शोधा." आणि बरोबरच आहे ना, शशिकला आपली सोलापूरची, जवळकर, घरची परिस्थिती बिघडल्यावर मुंबईत काम शोधत फिरत होती, आणि तिला पहिलं काम मिळालं ते नूरजहाँमुळे, 'ज़ीनत' १९४५ मधल्या त्या बायकांच्या कव्वालीत. त्याच कव्वालीत श्यामा पण आहे, लाहोरची पोरगी, तेव्हा शाळकरी वयाची. म्हणजे एका गाण्यात सोलापूर आणि लाहोर मांडीला मांडी लावून बसलंय. पुढे दोघींनी काय काय केलं ते आपल्याला माहितीच आहे, शशिकलाला 'आरती' आणि 'गुमराह' साठी लागोपाठ फिल्मफेअर, आणि तो लखोटा जाडजूड आहे, जवळजवळ सगळा उपलब्ध, किमती पण बऱ्या. शशिकलाच्या भूमिका आवडणाऱ्यांनी तर हा लखोटा बघायलाच जावं, कव्हरवर तिचा चेहरा क्वचित असतो पण यादीत नाव हळूहळू वर वर कसं सरकतं ते बघा.

उलट्या दिशेने गेलेली पण माणसं आहेत. शांता आपटे. 'कुंकू' वाली, प्रभातची. ती १९४२ ला लाहोरला जाऊन पंचोलींच्या 'ज़मींदार' मध्ये काम करून आली, हे मला माहीतच नव्हतं, बाबांनाही नव्हतं. दलसुख पंचोली गुजराती माणूस, लाहोरमध्ये स्टुडिओ, संगीत मास्टर गुलाम हैदरचं, आणि हिरॉइन आपली शांता आपटे. हेच गुलाम हैदर पुढे मुंबईत आले आणि १९४८ च्या 'मजबूर' मध्ये त्यांनी लताला मोठं गाणं दिलं आणि मग तेही लाहोरला परत गेले. त्या काळी मुंबई-लाहोर म्हणजे आपल्याला आज मुंबई-हैदराबाद वाटतं तेवढंच असणार. गाडीत बसायचं आणि जायचं.

आता प्राण. हा लखोटा इतका जाड की त्याला दोरी बांधलीये, आणि याच्यावर आम्ही दीड तास घालवला. बाबांचा प्राण म्हणजे वीक पॉइंट, तरुणपणी त्यांना त्याचा इतका राग यायचा की थिएटरातून बाहेर आल्यावर पण शिव्या द्यायचे असं आई सांगायची.

सुरुवातीला अर्थात पांढऱ्या चिठ्ठ्या. पहिली 'यमला जट' १९४०, पंजाबी, पंचोलींचाच. फोटोग्राफर व्हायचं म्हणून निघालेला दिल्लीचा मुलगा, लाहोरमध्ये पानाच्या दुकानापाशी उभा होता, तिथे वली मोहम्मद वली नावाच्या लेखकाने त्याला हेरलं, आणि पहिल्याच पिक्चरमध्ये खलनायक. मग १९४२ ला 'ख़ानदान' मध्ये चक्क हिरो, समोर नूरजहाँ, ती इतकी लहान आणि बुटकी की क्लोजअपला तिला विटांवर उभं करायचे. हे चाचांनी सांगितलं तेव्हा बाबा इतके हसले की खोकला आला. लाहोरमध्ये तेव्हा तो नाव असलेला नट होता, पाच-सहा वर्षांत ढीगभर पिक्चर. आणि १४ ऑगस्ट १९४७ ला माणूस बायको-मुलासकट मुंबईत, आधी ताजमध्ये उतरला, पैसे संपत गेले तसतशी हॉटेलं स्वस्त होत गेली, मग मरीन ड्राइव्हच्या एका हॉटेलात काही महिने नोकरी. लाहोरचा हिरो. लखोट्यात या जागी एकही कागद नाही आणि चिठ्ठीही नाही, नुसती गॅप. मग पहिली खरी बुकलेट, 'ज़िद्दी' १९४८, बॉम्बे टॉकीज, देव आनंद आणि कामिनी कौशल. ते काम मिळायला लेखक मंटो आणि नट श्याम यांनी शब्द टाकला होता. यादीत प्राण मध्ये कुठेतरी. तिथून पुढे एकेक बुकलेट उलटत जायची आणि फक्त एक गोष्ट बघायची, नाव कुठे छापलंय. मध्यात, मध्यात, मग १९५६ च्या 'हलाकू' ला तर तोच हलाकू, कव्हरवर तोच, आणि मग हळूहळू नाव सगळ्यात शेवटी जायला लागतं, आणि त्याच्या अलीकडे एक शब्द येतो, "और". और प्राण. हिरो, हिरॉइन, कॉमेडियन, सगळे झाले की एकटं शेवटी. शेवटच्या जागेला एवढा मान दुसऱ्या कुणी मिळवून दिलेला मला माहीत नाही.

१९६७ ला एकाच वर्षी 'राम और श्याम' आणि 'उपकार'. एकीकडे चाबूक घेतलेला, दुसरीकडे कुबडी घेतलेला मलंग चाचा. दोन्ही बुकलेट शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. सत्तेचाळीस वर्षांचा होता तेव्हा. लोकांची करिअर त्या वयात संपतात, याने सत्तावीस वर्षं व्हिलन केल्यावर रस्ता बदलला आणि 'उपकार' ला फिल्मफेअर मिळवलं. पुढे 'बेईमान' चं फिल्मफेअर तर त्याने घेतलंच नाही, 'पाकीज़ा' च्या गुलाम मोहम्मदना संगीताचं द्यायला हवं होतं म्हणून. हे मला लहानपणी बाबांनी सांगितलेलं, तेव्हापासून माझ्या मनात हा माणूस कायमचा चांगलाच आहे, पडद्यावर काहीही करो.

आणि आम्ही विकत काय घेतलं माहितीये? 'आँसू बन गए फूल', १९६९. म्हणजे आपल्या वसंत कानेटकरांचं 'अश्रूंची झाली फुले'. आई-बाबांनी लग्नानंतर पहिल्यांदा एकत्र बघितलेलं नाटक ते, आणि मग हिंदी पिक्चर आला तेव्हा आईला जायचं नव्हतं, पणशीकर आणि घाणेकर नाहीत तर काय बघायचं म्हणाली, बाबा ओढून घेऊन गेले आणि बाहेर पडताना आईच म्हणाली, प्राण चांगला होता हो. त्याही भूमिकेला त्याला फिल्मफेअर मिळालं. बुकलेट अडीचशे रुपयांना मिळाली. आई जाऊन आता चार वर्षं झाली. बाबांनी बुकलेट सदऱ्याच्या आत ठेवली, पिशवीत नको म्हणाले.

बाकीच्यांचं पटकन सांगते नाहीतर हे संपणारच नाही. कुलदीप कौरचा लखोटा बारीक आहे पण सोडू नका. लाहोरची, 'चमन' हा १९४८ चा पंजाबी पिक्चर आणि मग 'ज़िद्दी', आणि फाळणीच्या दंगलीत प्राणची गाडी लाहोरहून मुंबईपर्यंत हिने एकटीने चालवत आणली असं मंटोने लिहून ठेवलंय. अशी बाई! 'समाधि' मधलं 'गोरे गोरे ओ बाँके छोरे' नलिनी जयवंतबरोबर जी नाचते ती हीच. १९६० मध्ये धनुर्वाताने गेली, म्हणून लखोटा तिथेच संपतो. श्यामचा त्याहून बारीक. पंजाबी पिक्चरमधून सुरुवात, मग मुंबईत 'दिल्लगी' सुरैयाबरोबर, 'पतंगा', सगळं जोरात चाललेलं, आणि २५ एप्रिल १९५१ ला 'शबिस्तान' च्या शूटिंगला घोड्यावरून पडून गेला. ज्याने मित्राला मुंबईत काम मिळवून दिलं त्याला स्वतःला तीनच वर्षं मिळाली. त्याची मुलगी साहिरा काज़मी पुढे पाकिस्तानच्या टीव्हीवर मोठी नाव झाली. 'शबिस्तान' ची बुकलेट होती, विकायला नाही म्हणाले, नुसती दाखवली.

मीना शोरीचं सांगायलाच हवं. 'एक थी लड़की' १९४९, 'लारा लप्पा' गाणं, ते वाजलं नाही अशी वरात तेव्हा नव्हती म्हणे. नवरा रूप शोरी, त्यांचा लाहोरचा स्टुडिओ फाळणीत जळला, मुंबईत नव्याने उभे राहिले, आणि १९५६ ला पिक्चरच्या कामाला दोघं पाकिस्तानात गेले तर नवरा परत आला आणि ही तिथेच राहिली. तिकडे साबणाच्या जाहिरातीत झळकली, पिक्चर केले, आणि शेवटी हलाखीत गेली. आपल्याकडच्या लखोट्यात ती कायम लारा लप्पा गाणारी आहे. आणि याच्या अगदी उलट नासिर खान, दिलीपकुमारचा भाऊ. पाकिस्तानातला पहिला पिक्चर म्हणून 'तेरी याद' १९४८ ला गणतात, त्याचा हिरो हा, आणि तोच परत मुंबईला येऊन १९५१ च्या 'नगीना' मध्ये आपल्या नूतनचा हिरो. मग 'गंगा जमना' मध्ये खऱ्या भावाचाच भाऊ. दोन्ही देशांत हिरो झालेल्या माणसाचा लखोटा किती जाड असावा? बोटाएवढा पण नाही.

पंजाबी पिक्चरांचा गठ्ठा वेगळा ठेवलाय, कारण चाचांच्या म्हणण्याप्रमाणे तो घ्यायला कॅनडावाले येतात. पृथ्वीराज कपूर 'नानक नाम जहाज़ है' मध्ये, १९६९, त्याचं लॉबी कार्ड इतकं सुंदर आहे की मी पंजाबी असते तर फ्रेम केलं असतं. मुंबईतल्या भरपूर नटांनी घरच्या भाषेसाठी एखाद-दुसरा पंजाबी पिक्चर केलेला आहे, बलराज साहनींनी पण, आणि ती नावं हिंदी यादीत कुणी धरत नाही. इथे ती त्यांच्या लखोट्यांत पण घातलीयेत, गठ्ठ्यात एक आणि लखोट्यात चिठ्ठी. एवढी मेहनत कोण घेतो?

उर्दू वाचता येत नसेल तर चाचांना वाचून दाखवायला सांगा, ते खूश होतात. एका बुकलेटमध्ये हिंदी यादीत नसलेलं नाव उर्दू यादीत सापडलं, जागा पुरली नसेल म्हणून गाळलं असेल कुणीतरी. चाचांनी लगेच पेन काढून त्या नटाच्या लखोट्यात चिठ्ठी घातली. आमच्यासमोर. बाबा म्हणाले, "बघ, एका माणसाचं काम सापडलं आज."

किमती. साठ-सत्तरच्या दशकातल्या बुकलेट दीडशे ते चारशे, मोठ्या गाजलेल्या असतील तर जास्त. पन्नासच्या आधीच्या हजारापासून पुढे, आणि १९४७ च्या आधीची काही असेल तर ते भाव सांगत नाहीत, आधी विचारतात तुम्हाला कशाला हवीये. हे मला आवडलं. घासाघीस थोडी होते पण लाजच वाटते. यूपीआय चालतं. बिल मागितलं तर पावतीपुस्तकावर देतात. लॉबी कार्ड पाचशेपासून. बाबूराव पटेलांच्या 'फिल्मइंडिया' चे जुने अंक पण आहेत, ते महाग आहेत आणि बाइंडिंग सुटलेलं, पण त्यातल्या जाहिराती बघायला दहा मिनिटं काढाच.

आता अर्धा स्टार. दुकानात एक पोरगा आहे मदतीला, वीस-बावीसचा, गोड बोलतो, आणि बाहेर लावलेली पोस्टरं तो विकतो. मी चाचा-बाबा गप्पांत असताना त्याच्याकडून एक पोस्टर घेतलं, "ओरिजनल है मॅडम, टाकी से निकला हुआ", म्हणजे थिएटरातून आलेलं, अठराशे रुपये. घरी येऊन भिंग लावून बघितलं तर सरळ सरळ नवीन प्रिंट, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळं केलेलं. जुन्या ऑफसेट किंवा लिथो म्हणजे दगडी छपाईत ठिपक्यांची किंवा दगडाची एक खरखरीत पोत दिसते, आणि खाली कोपऱ्यात प्रेसचं नाव असतं, याच्यात प्रेसच्या नावाची ओळ धूसर झालेली, म्हणजे स्कॅनवरून छापलेलं. जुनी घडी पडली की शाई घडीवर उडते आणि खालचा कागद दिसतो, इथे घडीचा पांढरेपणा पण छापलेलाच होता! मला फार वाईट वाटलं, पैशापेक्षा जास्त यासाठी की त्याच छताखाली चाचा एकेका नावाची चिठ्ठी लिहून ठेवतात.

परत गेले, एकटी. चाचांनी पोस्टर बघितलं, काही बोलले नाहीत, गल्ला उघडून अठराशे मोजून दिले आणि पोराला आत बोलावून कोकणीत जे काही सांगितलं ते मला कळलं पण इथे लिहीत नाही. आता बाहेरच्या पोस्टरांवर "नवीन प्रिंट" अशी पट्टी लावलीये, मागच्या आठवड्यात मैत्रीण जाऊन आली तिने फोटो पाठवला. तरीही अर्धा स्टार कापते कारण सगळ्यांनाच परत जाणं जमत नाही. पोस्टर घेणार असाल तर चाचांच्या हातूनच घ्या, बुकलेटबद्दल मात्र डोळे झाकून विश्वास ठेवा, पिना गंजलेल्या असतात आणि गंजाचा डाग कागदाच्या आरपार गेलेला असतो, तो खोटा करणं सोपं नाही.

अजून दोन-तीन गोष्टी. कुरिअर करतात पण घडी घालून पाठवतात, पोस्टर मागवायचं असेल तर नळीत घालून पाठवा असं दोनदा सांगा. प्लॅस्टिकच्या स्वस्त पिशव्या देतात, त्यात बुकलेट ठेवू नका, दमट हवेत शाई पिशवीला चिकटते, घरी आल्यावर साध्या कागदी लखोट्यात घाला आणि पावसाळ्यात अधूनमधून बाहेर काढून बघा. फोटो काढायला विचारल्याशिवाय जाऊ नका. वॉशरूम नाही, वयस्कर माणसं बरोबर असतील तर आधीच विचार करून निघा, आम्हाला शेजारच्या मशिदीच्या माणसांनी मदत केली. आणि सकाळी अकरानंतर जा पण दुपारी गर्दीच्या आत, कारण एक गिऱ्हाईक आत असलं की दुसऱ्याला रस्त्यावर उभं राहावं लागतं.

'बड़ी माँ' साठी चाचांनी बाबांचा नंबर लिहून घेतलाय. वहीत नाही, त्याच पांढऱ्या चिठ्ठीच्या मागे, आणि चिठ्ठी परत नूरजहाँच्या लखोट्यात ठेवून दिली, १९४५ च्या जागी. बाबांचा फोन आता रात्री पण सायलेंटवर नसतो.